तुम्ही विचारलंत म्हणून: पात्यावरचं धुकं

जेवायला आलेलं कुणी ना कुणी ओट्यावरची माझी भाजीची सुरी उचलतं आणि विचारतं, "हे पातं असं कसं हो? वर राखाडी, धारेकडे लख्ख. मशीनवर पॉलिश करून आणलंत का?"

नाही. घरीच, दगडावर, हातानं.

सुरी जपानी आहे, नाकिरी. मध्ये कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ लोखंड. एकाच दगडावर घासलं तरी मऊ लोखंडावर ओरखडे खोल उमटतात, म्हणून ते मंद दिसतं, पोलाद उजळतं. जपानीत या रूपाला 'कासुमी' म्हणतात, म्हणजे धुकंच.

पहिल्या वर्षी ते धुकं मी घालवून बसलो होतो. वाटलं, दगडाचा कण जितका बारीक (म्हणजे नंबर जितका मोठा) तितकं पातं देखणं. ४०० नंबरवरून थेट ६००० वर उडी मारली. लोखंडाला आरशासारखी झळाळी आली आणि त्या झळाळीत ४०० चे सगळे ओरखडे उठून दिसायला लागले. खिडकीशी पातं तिरकं धरलं तर मधोमध चार आण्याएवढा काळपट डाग. तिथे खळगा होता, दगड पोचलाच नव्हता.

तेव्हा खरी मेहनत पहिल्या दगडावरच. तो आधी सपाट हवा. वापरून वापरून सहाणेसारखा मध्ये खोलगट होतो. मी त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखतो आणि रेघा पुसल्या जाईपर्यंत डायमंड प्लेटवर, म्हणजे हिऱ्याची कणी बसवलेल्या सपाट पत्र्यावर, घासतो. पात्याच्या उतारावर मार्कर फासायचा. शाई सगळीकडून निघाल्याशिवाय ४०० सोडायचा नाही. मग १०००, मग ३०००. दर वेळी घासायची दिशा जराशी बदलायची, म्हणजे मागचे ओरखडे राहिले असतील तर आडवे दिसतात.

आणि चिखल! दगडावर सुटणारा तो गढूळ लगदा मी आधी दर मिनिटाला धुऊन टाकायचो. धुकं येतं ते त्याच्यातूनच. पाणी थेंबभर, हात हलका, चिखलावर पातं नुसतं सरकवत राहायचं.

शेवटचा हात उचिगुमोरीचा. हा क्योटोकडचा नैसर्गिक दगड. तलवारी उजळणारे कारागीर त्याच्या पातळ चकत्यांना मागून कागद चिकटवून त्या अंगठ्याखाली फिरवतात. माझ्याकडे नखाएवढे तुकडे आहेत. अंगठ्याबरोबर ते खळग्यातही शिरतात, त्यामुळे चोरी झाकली जाते, हेही कबूल करतो.

एवढं ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग धार जास्त लागते का?" छे. धारेचं काम दहा मिनिटांचं, ते वेगळं. आणि साधं लोखंड ते; परवा एक कैरी चिरली, पुसायला विसरलो, तर अख्ख्या रविवारच्या धुक्यावर निळा-काळा पट्टा.