चेनला गंज आलाय म्हणता, मग आधी पिन काढून बघा

घड्याळाच्या स्टीलच्या चेनला गंज येतच नाही असं छातीठोकपणे सांगणारे दुकानदार आणि चेनला गंज आला म्हणजे माल डुप्लिकेटच असं म्हणणारे पाहुणे, हे दोघंही मला सारखे भेटतेत आणि दोघांचंही अर्धंच खरं असतंय. मला घड्याळांचा लई नाद, त्यामुळं उन्हाळा लागला की ओळखीतले लोक मनगट पुढं करून विचारायला लागतात, भाऊ हे बघ ना काय झालंय, लालसर यायलंय इथून, टाकून देऊ का नवीन घेऊ. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो, कारण चांगल्या चांगल्या चेनी लोकांनी उगंच भंगारात घातलेल्या मी बघितल्यात आणि ते बघून जीव तुटतो.

पहिली गोष्ट, डाग नेमका कुठून येतोय ते बघा. नुसतं वरून नाही, चेन उताणी करून, उजेडात धरून, दोन कड्यांच्या मधल्या फटीत. बहुतेक वेळा काय दिसतं, कड्यांचा पृष्ठभाग चकचकीत असतो आणि तांबूस पाणी वाळल्यासारखा ओघळ फक्त फटीतून किंवा कडेच्या बारीक भोकातून बाहेर आलेला असतो. हा गंज चेनचा नसतोच बऱ्याचदा, आतल्या पिनीचा असतो. कड्या चांगल्या स्टीलच्या आणि त्यांना जोडणारी पिन किंवा घड्याळाला चेन अडकवणारी ती स्प्रिंगची काडी मात्र हलक्या लोखंडी मालाची, असं स्वस्तातल्या चेनीत सर्रास असतं, आणि महागाच्या घड्याळातही कुणीतरी मधे कधी चेन कमी करताना जुनी पिन हरवून हाताला येईल ती ठोकून दिलेली असते.

आमच्या इथं बाजारात एक चाचा आहेत घड्याळं दुरुस्त करणारे, त्यांच्याकडं मी तासनतास बसतो. एकदा एकजण तावातावानं आला, चेन गंजली म्हणून. चाचा काही बोलले नाहीत, डोळ्याला भिंग लावलं, बारीक सुळ्यानं, चेनच्या आतल्या बाजूला कोरलेल्या बाणाच्या दिशेनं पिन ठोकली आणि बाहेर आलेली पिन पांढऱ्या कागदावर ठेवून बोटानं फिरवली. कागदावर गेरूच्या रंगाची रेघ उमटली. पिन मधोमध खाऊन खाऊन निम्मी झालेली, दोन्ही टोकं मात्र चांगली जाड. मग त्यांनी कडीचं भोक पुसून त्याच माणसाला भिंगातून बघायला लावलं, आत स्टील स्वच्छ होतं. "तुमची चेन पोरीसारखी सांभाळा साहेब, पिन तेवढी बदला," एवढंच बोलले. चहापाण्याच्या पैशात काम झालं. आणि दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट ही की अशी खाल्लेली पिन कधीतरी गाडीवर जाता जाता तुटते आणि घड्याळ रस्त्यावर पडतं, तेव्हा मग कोण परत आणून देणार.

आता स्टील तरी का खराब होतं ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी टिकाऊ पोलाद शोधत होते, त्यात त्यांना क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद सापडलं. या स्टीलमध्ये क्रोमियम निदान साडेदहा टक्के लागतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की क्रोमियम स्वतःवर एक पापुद्रा धरतं, केसापेक्षा हजारो पट पातळ, डोळ्याला दिसत नाही, आणि ओरखडा पडला तरी हवा लागली की परत भरून येतं. सगळी जादू त्या पापुद्र्याची. आणि त्याचा वैरी कोण तर क्लोराईड, म्हणजे साधं मीठ, म्हणजे आपला घाम.

आमच्याकडं मार्च संपत नाही तोवर ऊन असं पेटतं की दुपारपर्यंत शर्टावर पाठीला पांढरे पट्टे उठतात, ते मीठच असतं, आणि तेच मीठ चेनच्या फटीत रोज थोडं थोडं साचत जातं, वर धूळ, साबणाचा अंश, कातडीचा मळ, सगळं मिळून एक काळा चिकट थर होतो. त्या थराखाली हवा पोचत नाही, म्हणजे पापुद्रा परत धरायला ऑक्सिजन नाही, आणि मीठ मात्र घट्ट होत चाललंय. म्हणून चेन उघड्यावर सहसा खराब होत नाही, फटीत होते. घड्याळ रोज घालणाऱ्यापेक्षा घामेजलेलं काढून तसंच कपाटात ठेवून देणाऱ्याचं घड्याळ जास्त खराब झालेलं मी बघितलंय, लग्नात मिळालेलं घड्याळ, दिवसभर वरातीत नाचून घामानं भिजलेलं, तसंच डबीत बंद, आणि वर्षानं उघडलं की डाग.

स्टीलचा प्रकार पण महत्त्वाचा. चांगल्या घड्याळात ३१६एल नावाचं स्टील वापरतात, त्यात क्रोमियम, निकेलच्या जोडीला दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि तो मिठाला तोंड द्यायला फार कामाला येतो. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये मॉलिब्डेनम नसतं, ते भांड्याकुंड्यांना उत्तम पण घामाला थोडं कमी पडतं. आणि अगदी स्वस्त चेनीत २०० सिरीजचा माल येतो, निकेल महाग म्हणून ते कमी करून मँगनीज भरलेलं, त्याला आपल्या उन्हाळ्यात डाग येणारच. बरेचजण लोहचुंबक लावून परीक्षा घेतात, पण त्यावर फार जाऊ नका, चांगलं ३०४ सुद्धा ठोकून वाकवून घडवताना थोडं चुंबकाला ओढलं जायला लागतं आणि २०० सिरीज बऱ्याचदा ओढलीच जात नाही.

आता आमच्या जालन्याची खास गोष्ट. इथं सळईच्या गिरण्या, फॅब्रिकेशनची दुकानं, गल्लोगल्ली ग्राइंडर. माझा मेव्हणा गेट-खिडक्या करणाऱ्या दुकानात आहे, त्याच्या चेनला वरून, म्हणजे फटीत नाही तर सपाट भागावर बारीक बारीक तांबूस ठिपके आले होते. घरातले सगळे म्हणले माल खराब. माल अजिबात खराब नव्हता. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण, तो येऊन चेनला चिकटतो, आणि रात्री घामाच्या ओलीनं तो कण गंजतो, स्टील नाही. ठिपका निघाला की खाली स्टील तसंच. वाळूजला, कुठल्याही एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, शक्य असेल तर ग्राइंडरवर बसताना घड्याळ खिशात.

शेतकऱ्यांसाठी पण एक सांगतो. खत फेकताना घड्याळ काढून ठेवा. लाल पोटॅश, म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतो ते, पोटॅशियम क्लोराईडच आहे, म्हणजे घामातल्या मिठाचाच भाऊ, आणि हातावर घाम असताना ते चेनच्या फटीत गेलं की चिखल होऊन बसतं.

धुवायचं कसं. आधी चेन घड्याळापासून सोडवा. हे मी परत परत सांगतो, कारण लोक अख्खं घड्याळ बुडवतात. मागं ३० मीटर लिहिलंय म्हणजे पाण्यात घालायची परवानगी नाही, हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील एवढाच त्याचा अर्थ. काडी निघत नसेल तर जबरदस्ती करू नका, घड्याळवाल्याकडनं काढून घ्या, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घसरतो आणि घड्याळाच्या अंगावर कायमचा ओरखडा बसतो. मग कोमट पाणी, दोन थेंब भांड्याचं लिक्विड, मऊ टूथब्रश, आणि प्रत्येक कडी वाकवून वाकवून फट उघडी करून घासायची. काळं पाणी निघेल, निघू द्या, ते गंज नाही, मळ आहे. अर्ध्याहून जास्त लोकांची तक्रार इथंच मिटते.

तरी तांबूस राहिलं तर लिंबूसत. किराणा दुकानात मिळतं ते, सायट्रिक ॲसिड. एक पेलाभर कोमट पाण्यात दोन छोटे चमचे, त्यात नुसती चेन वीस-पंचवीस मिनिटं. हे काही माझं डोकं नाही, कारखान्यात सुद्धा स्टीलवरचे लोखंडाचे कण काढायला आणि पापुद्रा नीट धरायला सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात माल बुडवतात. नंतर साध्या पाण्यात, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यात, परत साध्या पाण्यात. आणि शेवटचं पाणी बोअरचं नको. आमचं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो, तोच चेनवर बसतो आणि लोक म्हणतात स्टील पांढरं पडलं. फिल्टरचं पाणी तांब्याभर पुरतं. मग सुती कापडानं पुसून फॅनखाली तासभर ठेवा, फटीतलं पाणी वाळलंच पाहिजे, ओली चेन लगेच हातात घातली तर सगळी मेहनत वाया.

काय करू नका ते जास्त महत्त्वाचं. आमच्या घरी तांब्यापितळेची भांडी लिंबू आणि मिठानं घासतात आणि ती झळकतात, म्हणून तेच चेनला करणारे लई आहेत. लिंबू ठीक, पण मीठ म्हणजे तोच क्लोराईड, तुम्ही दुखण्यावरच दुखणं चोळायलेत. फरशीचं ॲसिड, संडासचं लिक्विड, ब्लीच, यांच्या तर जवळ पण नेऊ नका, ते पापुद्राच खाऊन टाकतात. आणि तारेची घासणी नको. साध्या लोखंडी तारेची असेल तर तिचे तुकडे स्टीलमध्ये रुतून बसतात आणि ते गंजतात, म्हणजे मेव्हण्याच्या ग्राइंडरचीच गोष्ट, आपणच घरी केलेली. टूथपेस्टनं थोडं उजळतं हे खरं, पण आरशासारख्या पॉलिशवर बारीक ओरखड्यांचं जाळं येतं.

सोनेरी चेन असेल तर वरचं काहीच लागू नाही, लिंबूसत पण नाही, फक्त साबणपाणी आणि तेही हलक्या हातानं. त्यात हिरवं दिसायला लागलं तर समजा खाली पितळ आहे, मुलामा गेलाय, ते घासून परत येत नाही. जुन्या घड्याळांच्या मागं "स्टेनलेस स्टील बॅक" लिहिलेलं असतं ना, ते नीट वाचा, झाकण तेवढं स्टीलचं, बाकी अंग बऱ्याचदा मुलामा दिलेलं पितळ असतं. आजोबांच्या कपाटातून निघालेली घड्याळं अशी असतात आणि नातवंडं मोठ्या प्रेमानं ती घासून घासून मुलामा उडवतात. तशी घड्याळं तशीच राहू द्या, डागांसकट.

स्टीलमध्ये खरोखर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले असतील तर मात्र गंज निघेल, खड्डा निघणार नाही. दुकानदार म्हणतो बफ मारून देतो. बफ म्हणजे स्टील घासून कमी करणं, कड्यांच्या धारा गोल होतात, रेघांचं फिनिश जातं, दोनचारदा मारला की चेन ढिली दिसायला लागते. माझं मत विचाराल तर थोडे खड्डे असलेली चेन धुऊन वापरत राहा, बफ नको. पण लॉकच्या बिजागरीपाशी किंवा पिनीच्या भोकापाशी खड्डे असतील तर चेन बदला, तिथं धोका आहे.

नवीन काडी आणायला जाताना अंदाजानं मागू नका. घड्याळाच्या दोन शिंगांच्या, म्हणजे जिथं काडी अडकते त्या पुढं आलेल्या टोकांच्या आतलं अंतर पट्टीनं मोजा, बहुतेक १८, २० नाहीतर २२ मिलिमीटर भरतं, आणि दुकानात ३१६एल स्टीलची काडी आहे का ते विचारा, नसेल तर थांबा दोन दिवस, मागवून देतात. जुनी काडी सोबत न्या, जाडी पण बघावी लागते, भोकात सैल बसलेली काडी नवीन असली तरी निसटते.