कोल्हापूर शहराचे आमदार: १९८५ ते २०२४

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर उत्तर मतदारसंघातील मतदान यंत्रावर काँग्रेसचा हात नव्हता, भाजपचे कमळ नव्हते आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाची मशालही नव्हती. कमळ आणि मशाल यांचे कारण जागावाटपात होते. हाताचे कारण वेगळे होते. काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांची उमेदवारी जाहीर केली, नंतर ती बदलून राजघराण्यातील मधुरिमाराजे छत्रपती यांना दिली आणि ४ नोव्हेंबरला, म्हणजे अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, मधुरिमाराजेंनी माघार घेतली. लाटकरांनी अपक्ष म्हणून अर्ज कायम ठेवला होता, त्यामुळे पक्षाला त्यांच्याच पाठीशी उभे राहावे लागले. शिंदे यांच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर २९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

त्या दिवसांत पुण्या-मुंबईचे स्नेही मला विचारत, की शाहूंच्या नगरीत काँग्रेसवर अशी वेळ कशी आली? या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. राजर्षी शाहूंनी १९०२ साली आरक्षणाचा हुकूम काढला, येथे सत्यशोधक चळवळ रुजली, शेतकरी कामगार पक्ष वाढला, म्हणून हे शहर पिढ्यानपिढ्या एकाच विचाराला मत देत आले असेल, असे ते गृहीत आहे. शहरावर त्या वारशाचा ठसा आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु विधानसभेच्या निकालांचा क्रम लावून पाहिला, की निराळे चित्र दिसते.

१९८५ साली कोल्हापूरने शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील यांना निवडून दिले. तत्पूर्वी ते अनेक वर्षे विधान परिषदेत होते आणि १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात त्यांनी सहकार खाते सांभाळले होते. साधी राहणी आणि आकडेवारीनिशी केलेली भाषणे यांमुळे विरोधकही त्यांना मान देत. या शहराने विधानसभेत पाठवलेला तो सर्वांत मोठा माणूस, असे मी आजही मानतो. पुढे टोलविरोधी आंदोलनात गोविंद पानसरे यांच्यासह ते रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्याकडे आमदारकी नसूनही सर्व पक्षांचे कार्यकर्ते त्यांच्या शब्दावर एकत्र आले. आणि तरीही, त्यांची मुदत संपताच १९९० मध्ये याच मतदारसंघातून शिवसेनेचे दिलीप देसाई विजयी झाले. १९९५ आणि १९९९ मध्ये शिवसेनेचेच सुरेश साळोखे निवडून आले. शेकापकडून थेट शिवसेनेकडे झालेला हा प्रवास केवळ विचारधारेच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला उलगडणार नाही.

तो उलगडण्यासाठी पेठांत यावे लागते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांत माणसाची ओळख आधी त्याच्या तालमीवरून होते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे बाहेरच्यांना फुटबॉल संघांची म्हणून ठाऊक असतील. प्रत्यक्षात गणेशोत्सव, रक्तदान, महापुरातील मदत आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणे, अशी सगळी कामे तेथूनच हलतात. शिवसेना येथे वाढली ती याच तरुणांच्या बळावर. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून ठरावीक अंतरावर मांडलेल्या टेबलांकडे पाहिले, तर हे स्पष्ट दिसते. यादी पुढ्यात घेऊन बसलेला कार्यकर्ता मतदाराला पाहताच, नाव न विचारता, चिठ्ठी फाडून देतो आणि 'आई आल्या न्हाईत अजून?' म्हणून चौकशीही करतो. त्याला घरातील प्रत्येक मत तोंडपाठ असते. हा कार्यकर्ता पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या पक्षाच्या टेबलावर दिसला, तरी कोणी फारसे आश्चर्य करत नाही. तो ज्या माणसाचा आहे, त्या माणसाबरोबर गेलेला असतो.

२००४ मध्ये काँग्रेसने मालोजीराजे छत्रपती यांना उभे करून साळोखे यांचा पराभव केला. त्या विजयात राजघराण्याबद्दलचा आदर होता, तसाच फुटबॉलच्या मैदानावरचा त्यांचा वावरही होता. मात्र पुढची निवडणूक बदललेल्या सीमांवर झाली. २००८ च्या पुनर्रचनेनंतर 'कोल्हापूर' हा शहराचा मतदारसंघ संपला. जुन्या पेठा, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी आणि कसबा बावडा हे भाग 'कोल्हापूर उत्तर'मध्ये राहिले, तर शहराचा दक्षिणेकडील काही भाग उचगाव, पाचगाव यांसारख्या गावांबरोबर 'कोल्हापूर दक्षिण'मध्ये गेला. २००९ मध्ये क्षीरसागर यांनी मालोजीराजेंना हरवले.

२०१४ ला सगळेच पक्ष स्वतंत्र लढले. क्षीरसागर यांना ६९ हजारांवर, काँग्रेसच्या सत्यजित कदम यांना ४७ हजारांवर, तर भाजपच्या महेश जाधव यांना ४० हजारांच्या आसपास मते मिळाली. मतविभागणीचा एवढा लाभ क्षीरसागरांना पुन्हा मिळाला नाही. २०१९ च्या सरळ लढतीत काँग्रेसचे चंद्रकांत जाधव यांनी त्यांना १५ हजारांहून अधिक मतांनी मागे टाकले. जाधव उद्योजक होते, फुटबॉलपटू होते आणि तालमी-तालमींत त्यांची ऊठबस होती. त्यांच्या पत्नी जयश्री जाधव महापालिकेत भाजपच्या नगरसेविका होत्या, हेही शहराला ठाऊक होते. कोणालाही ते खटकले नाही.

जाधव यांचे २ डिसेंबर २०२१ रोजी निधन झाले. १२ एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत महाविकास आघाडीने ही जागा काँग्रेसकडेच ठेवली आणि क्षीरसागरांना थांबावे लागले. माझ्या मते या मतदारसंघाचा स्वभाव समजून घेण्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची निवडणूक आहे. जयश्री जाधव अठरा हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या आणि शहराच्या पहिल्या महिला आमदार ठरल्या. मतमोजणी कसबा बावड्यापासून सुरू होत असल्याने आणि तो काँग्रेस नेते सतेज पाटील यांचा बालेकिल्ला असल्याने, पहिल्या फेऱ्यांतील आघाडीवर जाणकार विश्वास ठेवत नाहीत. पेठांच्या पेट्या उघडेपर्यंत कागदावर बेरीज-वजाबाकी चालूच राहते. पेठांतही सहानुभूती दिसली. तरीही भाजपचे मतदान २०१४ च्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाले. शिवसेना रिंगणात नव्हती आणि नेत्यांनी आघाडीधर्म पाळण्याचे आवाहन केले होते, पण शिवसेनेच्या मतदारांचा मोठा गट काँग्रेसला मत द्यायला तयार झाला नाही, हाच त्याचा अर्थ मी लावतो. त्यांनी ज्या भाजप उमेदवाराला मत दिले, ते सत्यजित कदम २०१४ ला काँग्रेसचेच उमेदवार होते. २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर जयश्री जाधव यांनीही शिंदे यांच्या शिवसेनेत प्रवेश केला.

१९९० पासूनच्या आठ सार्वत्रिक निवडणुकांपैकी सहा वेळा येथे शिवसेनेच्या नावावर आमदार झाला, दोन वेळा काँग्रेसच्या. कमळावर अद्याप एकदाही नाही. उमेदवाराने मिळवलेली मते पक्षाकडे उसनी येतात आणि तो माणूस गेला की ती परत जातात, असे मला वाटते. काँग्रेसने २०२४ ला ऐनवेळी उमेदवार बदलला, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली गेली.

या पद्धतीची किंमत शहर मोजते, हेही नमूद केले पाहिजे. लग्नाला, मयतीला, सामन्याला हजर राहणारा आमदार लोकांना हवा असतो आणि तो मिळतोही, पण दहा-पंधरा वर्षे रेटावा लागणारा प्रश्न कोणाच्याच खात्यावर राहत नाही. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ च्या दिवाळीत शहरात पोहोचले; काम सुरू झाल्यापासून तोवर या मतदारसंघाने तीन आमदार पाहिले होते. १९७२ मध्ये महापालिका झाल्यापासून न झालेली हद्दवाढ तर प्रत्येक प्रचारसभेत येते. उत्तरेच्या मतदारांना ती हवी आहे, दक्षिणेच्या मतदारसंघातील गावांना ती नको आहे, आणि दोन्हीकडे प्रचाराला जाणारे नेते बहुधा तेच असतात.