आमची वाटचाल : नुकसान भंगारात नव्हतं, रॅकवर होतं

3 पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी-वाकवणारी यंत्रं) आणि 6 माणसं, एवढ्यावर आम्ही पत्र्याचे ब्रॅकेट आणि क्लिपा काढायला सुरुवात केली. वाया जाणं म्हणजे भंगार, एवढंच तेव्हा कळत होतं. शीटवर जॉब कसे मांडले तर कतरण कमी निघेल, यावर मी रात्र रात्र डोकं घालायचो. कतरण कमी झालीही. तरी महिनाअखेरीला पत्रा घ्यायला हातात पैसा नसायचा.

पैसा रॅकवर पडून होता. ग्राहकानं 500 नग मागितले की आम्ही 5,000 मारून ठेवायचो, पुढं लागतीलच म्हणून. काही गंजले. एकदा ग्राहकानं ड्रॉइंगमध्ये भोकाची जागा बदलली आणि अख्खा लॉट किलोच्या भावानं गेला. त्यात पत्रा, वीज आणि आमच्या माणसांचे कित्येक दिवस होते. ते अजून सलतं.

लीनकडे, म्हणजे कामातलं वाया जाणं शोधून कमी करण्याच्या पद्धतीकडे, मी त्यानंतर वळलो. टोयोटाचे ताइइची ओहनो यांनी वाया जाण्याचे 7 प्रकार मांडले : जास्त उत्पादन, वाट पाहणं, ने-आण, जादा प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. त्यात जास्त उत्पादन त्यांनी सर्वांत वाईट मानलं, कारण बाकीचे त्याच्यापोटीच येतात. आमच्याकडे तेच होतं. माल जास्त म्हणून रॅक, रॅक म्हणून उचल-ठेव. आणि बर (कापलेल्या कडेला राहणारी धारदार कोर) आली तर ती एका नगाला नाही, हजारोंना.

मग लहान लॉट का काढत नव्हतो? हा प्रश्न खणत गेलो तो डायपाशी, म्हणजे प्रेसमध्ये बसवायच्या साच्यापाशी, येऊन थांबलो. डाय बदलायला अडीच तास जायचे. एवढा वेळ घालवल्यावर 500 नगांवर प्रेस थांबवायला कुणाचं मन होईल?

इथं जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची डाय झटपट बदलण्याची पद्धत कामी आली. प्रेस बंद असतानाच होतील अशी कामं एकीकडे, चालू असताना उरकता येतील ती दुसरीकडे. एक अख्खं सेटिंग आम्ही मोबाइलवर टिपलं आणि सगळ्यांनी मिळून पाहिलं. निम्म्याहून जास्त वेळ पाना शोधण्यात, डाय आणण्यात आणि शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) कापण्यात गेला होता. ऑपरेटर गप्प झाला; त्याला वाटलं, आपली चूक काढतायत. ती धावपळ कारखान्याच्या मांडणीनं त्याच्यावर लादली होती, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. वाचलेल्या वेळेच्या नावाखाली एकही माणूस कमी करणार नाही, हेही त्याच दिवशी सांगून टाकलं. हा शब्द दिल्याशिवाय लीनला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. स्वतःचीच नोकरी जाणार असेल तर वेळ कोण वाचवून दाखवेल?

पुढच्या बहुतेक सूचना त्याच ऑपरेटरच्या. पुढची डाय आधीच ट्रॉलीवर तयार ठेवायची. प्रत्येक डायखाली कायमची पॅकिंग प्लेट बसवून सगळ्यांची शट हाइट (मिटलेल्या डायची उंची) एकसारखी करायची. बोल्ट एकाच मापाचे, म्हणजे पानाही एकच. वर्ष गेलं यात. आज डाय 25 मिनिटांत बदलते. शिंगो 10 मिनिटांच्या आत म्हणतात, तिथवर अजून पोचायचंय.

आता 500 ची ऑर्डर आली की 500 च मारतो. 2 रॅक काढून टाकले. त्या जागी तपासणीचं टेबल आलंय, आणि पहिला नग तिथं गेजवर (माप तपासायच्या साधनावर) बसल्याशिवाय दुसरा निघत नाही.