सात सुतांचा हिशेब

गोधडीसाठी जोडून तयार केलेला एक चौकोन कोनावर उभा करायचा, त्याच्या चारही बाजूंना त्रिकोण लावायचे आणि त्याला पुन्हा सरळ, मोठ्या चौकोनात बसवायचे, हे काम दुरून पाहिले तर शाळकरी भूमितीचे वाटते. मलाही तसेच वाटले होते. माझा चौकोन शिवून झाल्यावर ६ इंचांचा होणार होता. म्हणजे त्रिकोणाची लांब बाजू, अर्थात कर्ण, ६ इंचांचा हवा. कर्णाला १.४१४ ने भागले की काटकोनालगतची बाजू मिळते, ती आली ४.२४ इंच. चौकोन कापताना शिवणीसाठी दोन्हीकडचा मिळून अर्धा इंच वाढवतात, एवढे ठाऊक होते. म्हणून पावणेपाच इंचांचे दोन चौरस कापले, प्रत्येकाचे तिरके दोन भाग केले आणि चार त्रिकोण हातात आले.

हा हिशेब चुकीचा होता आणि तो चुकीचा आहे हे कापड शिवेपर्यंत सांगत नाही, ही त्यातली खरी गंमत. कापलेल्या त्रिकोणाचा कर्ण ६.७ इंच भरत होता आणि न शिवलेला चौकोन साडेसहा इंचांचा होता, म्हणजे त्रिकोण उलट थोडा मोठाच दिसत होता. शिवल्यावर मात्र प्रत्येक त्रिकोण कर्णावर अर्धा इंच तोकडा पडला. बाहेरची कड सरळ करायला गेले की मधल्या चौकोनाची टोके कापली जात होती, आणि इतक्या निगुतीने जुळवलेल्या नक्षीची टोकेच गेली तर त्रिकोणांची ही चौकट करून उपयोग काय?

शिवणीत आत जाणाऱ्या कापडाला शिवणकामात ‘माया’ म्हणतात. चौकोनाच्या कोपऱ्यावर ती सरळ वागते. दोन्ही टोकांना पाव पाव इंच, मिळून अर्धा. त्रिकोणाच्या टोकाशी मात्र तिचा स्वभाव बदलतो. काटकोनाच्या टोकाला पाव इंच पुरतो, पण जिथे कोन ४५ अंशांचा आहे तिथे दोन शिवणी तिरक्या येऊन मिळतात आणि त्यांच्या बाहेरची पाव पाव इंचाची पट्टी पुढे टोक काढत जाते. त्या टोकासाठी बाजूच्या लांबीत ०.६०४ इंच लागतो. दोन्ही टोकांचे मिळून ०.८५४ इंच झाले. मोजपट्टीवर असा आकडा कुठेही नसतो. त्याच्या सर्वांत जवळची, आणि सुदैवाने किंचित मोठी, खूण म्हणजे सात सूत, कारण इंचाचे आठ सूत असतात. गोधडीच्या मापांच्या तक्त्यांमध्ये दिसणारे ते सात अष्टमांश येतात ते इथून. तोवर मला तो आकडा कुणीतरी अनुभवाने ठरवलेला, मीठ चवीनुसार या जातीचा वाटत होता. प्रत्यक्षात तो मायेची ३.४१४ पट आहे. त्यामुळे कुणी पाव इंचाऐवजी ६ मिलिमीटरची माया ठेवत असेल, तर त्याला साडेवीस मिलिमीटर मिळवावे लागतील. सूत्र तेच राहते.

माझ्या चौकोनासाठी मग हिशेब असा झाला: ४.२४३ अधिक ०.८७५, म्हणजे ५.११८, म्हणजे पाच इंच एक सूत. दोन चौरस, तिरके दुभागलेले. आता त्रिकोणाची टोके चौकोनाच्या दोन्ही बाजूंना कानांसारखी बाहेर येतात आणि ती तशीच यायला हवीत. दोन्ही कान सारखे आले की त्रिकोण मधोमध बसला असे समजावे. नंतर ते छाटून टाकायचेच असतात. पुष्कळ जण चौरस मुळातच थोडा मोठा कापतात आणि शिवून, इस्त्री करून झाल्यावर टोकांबाहेर पाव इंच सोडून कडा सरळ करतात. हा मार्ग हिशेबाचा कंटाळा असलेल्यांचा आहे असे मी पूर्वी म्हणत असे. आता मीही तेच करतो, फक्त हिशेब करून झाल्यावर.

चौकट लावलेल्या चौकोनाची बाजू ८.४८५ इंच येते. हा आकडा अर्धवट वाटतो, पण क्षेत्रफळ पाहिले तर ३६ चे बरोबर ७२ झालेले असते. चौरसाच्या कर्णावर उभा केलेला चौरस दुपटीचा असतो, हे शुल्बसूत्रे, म्हणजे यज्ञवेदीच्या मापांचे प्राचीन ग्रंथ, रचणाऱ्यांना वेदी मोजतानाच माहीत होते. दुसरी चौकट लावली की ७२ चे १४४ होतात आणि बाजू भरते थेट १२ इंच. एकाआड एक चौकटीला असा पूर्ण आकडा भेटतो.

या दुसऱ्या चौकटीच्या त्रिकोणांना काटकोनालगतची बाजू ६ इंच हवी, म्हणून चौरस सहा इंच सात सुतांचा. आता दुसरा प्रसंग घ्या. संपूर्ण गोधडीच कोनावर उभ्या केलेल्या ६ इंची चौकोनांची आहे आणि तिच्या कडेच्या खाचा त्रिकोणांनी भरायच्या आहेत. तो त्रिकोणही मापाने तंतोतंत हाच असतो. तरीही तो सहा इंच सात सुतांच्या चौरसातून कापू नये. चौरस दुभागला की कर्ण उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरका, येतो. चौकटीत हा कर्ण आतल्या शिवणीत बांधला जातो, त्यामुळे काही बिघडत नाही. गोधडीच्या कडेला मात्र कर्णच बाहेर येतो आणि उरेब कड नुसत्या हाताळण्याने ताणून लाटेसारखी होते. म्हणून तिथे मोठा चौरस घेऊन त्याचे दोन्ही कर्णांवर चार भाग करतात, म्हणजे कर्णावर सरळ धागा येतो. सहाला १.४१४ ने गुणायचे, ८.४८५ आले, कर्णाच्या दोन्ही टोकांना ४५ अंशांचा कोन असल्यामुळे माया १.२०७ इंच, म्हणजे व्यवहारात सव्वा इंच. चौरस पावणेदहा इंचांचा. आकार एक, माप एक, कापडही जवळजवळ तेवढेच. फरक फक्त धाग्याच्या दिशेचा. त्यामुळे गुणायचे की भागायचे, हे आठवण्याऐवजी कोणती बाजू बाहेर राहणार आहे, हे मी आधी कागदावर काढून पाहतो.

सध्या तिसरी चौकट चालू आहे. बाराला १.४१४ ने भागले की पुन्हा तेच ८.४८५ येतात, त्यात सात सूत मिळवून नऊ इंच तीन सुतांचे दोन चौरस कापून ठेवले आहेत. तिरका छेद अजून दिलेला नाही. त्याआधी एकदा कापड ओढून धागा पाहायचा आहे.