मोकळी कुत्री आणि दोन फाटके

गेल्या शनिवारी एका अनोळखी अमेरिकन गृहस्थांनी माझ्या आईची क्षमा मागितली. त्यांचा कुत्रा तिला चावला नव्हता, तिच्यावर भुंकलाही नव्हता. तो केवळ मोकळा होता आणि तिच्या दिशेने धावत येत होता, आणि आई जागच्या जागी थिजून उभी राहिली होती. त्या गृहस्थांनी ते दुरूनच ओळखले, शीळ घालून कुत्र्याला परत बोलावले, त्याच्या पट्ट्याला दोरी अडकवली आणि मग आमच्याजवळ येऊन, "यांना भीती वाटते आहे हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते," असे मला म्हणाले. ते मी आईला मराठीत सांगितले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. कुत्र्याला घाबरल्याबद्दल कोणी आपल्यालाच दोष न देता उलट आपली माफी मागतो, हा तिच्या साऱ्या आयुष्यातला पहिलाच अनुभव होता.

आई कोकणातल्या हर्णैहून काही महिन्यांसाठी अमेरिकेत आमच्याकडे आली आहे. मागच्या पावसाळ्याआधी बाजारातून परतताना शेजारच्या वाडीतला एक कुत्रा तिच्या पोटरीला चावला होता. तो कुत्रा कोणाच्या ओटीवर निजतो आणि कोणाच्या घरचे शिळे भात-कालवण खातो हे साऱ्या गावाला ठाऊक होते. पण चावल्यानंतर तो कोणाचाच उरला नाही. ज्या घरी तो जेवतो त्या घरून, "तो तसा काही करत नाही हो काकू, तुम्ही उगाच घाबरलात म्हणून अंगावर आला," असे तिलाच ऐकवण्यात आले. सुदैवाने शेजारच्या मुलीला माहिती होती, म्हणून तिने जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली. हळद, चुना किंवा मिरची लावण्याचा आग्रह करणाऱ्यांना तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही. ज्या रुग्णालयात आईला नेले तिथे रेबीजची लस होती, पण खोल जखमेत द्यावे लागणारे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, नव्हते, आणि त्यासाठी भावाला तिला घेऊन रत्नागिरी गाठावी लागली. तेव्हापासून आई देवळात जातानाही हातात काठी घेते.

अशा माणसाला मी कुत्र्यांच्या मैदानात का नेले, असे तुम्ही विचाराल. आमच्या शेजारी एक वयस्क बाई एकट्या राहतात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना चालवत नाही, म्हणून त्यांच्या कुत्रीला शनिवार-रविवारी फिरवून आणण्याचे काम माझ्या मुलीने आणि मी अंगावर घेतले आहे. आई घरी एकटी बसायला तयार नव्हती आणि नातीला कुत्र्यांत एकटे सोडायलाही तयार नव्हती.

आम्ही राहतो तो सिएटलजवळच्या रेडमंडचा भाग. इथले मेरीमूर उद्यान किंग काउंटीचे आहे आणि त्यातील सुमारे ४० एकर जागा केवळ कुत्र्यांना दोरीविना सोडण्यासाठी राखलेली आहे. तिच्या कडेने समामिश नदी वाहते, नदीत उतरायला ठिकठिकाणी वाटा केलेल्या आहेत, आणि ओली कुत्री व चिखलाने माखलेली मुले तिथे एकाच उत्साहाने हिंडत असतात. अशा जागांचा इतिहास फार जुना नाही. बर्कली शहरात १९७९ साली सुरू झालेले ओलोनी उद्यान हे अमेरिकेतले अशा प्रकारचे पहिले मानले जाते. आता मात्र वसाहत वसवताना मुलांच्या घसरगुंडीइतक्याच सहजपणे कुत्र्यांच्या मैदानाचाही विचार होतो. आमच्या घरांच्या मागेही असे एक लहानसे, जाळीने वेढलेले मैदान आहे, आणि आईला मी आधी तिथे नेले.

या मैदानाच्या फाटकाविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण इतक्या साध्या गोष्टीत इतका विचार केलेला मी क्वचितच पाहिला आहे. फाटक एक नसून दोन आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये चार माणसे दाटीवाटीने उभी राहतील एवढी चौकोनी जागा आहे. बाहेरचे फाटक उघडून आपण कुत्र्यासह त्या जागेत शिरायचे, ते फाटक पूर्ण लागले आहे याची खात्री करायची, मग कुत्र्याची दोरी सोडायची आणि त्यानंतरच आतले फाटक उघडायचे. बाहेर पडताना हेच उलट क्रमाने करायचे. दोन्ही फाटके एकाच वेळी कधीही उघडी नसतात, त्यामुळे आतला एखादा कुत्रा निसटला तरी तो त्या चौकोनातच अडकतो, रस्त्यावर पोहोचत नाही. दोरी नेमकी त्या मधल्या जागेतच सोडायची, यालाही कारण आहे. मोकळ्या कुत्र्यांच्या घोळक्यात एकच कुत्रा बांधलेला असेल तर त्याला पळून जाण्याची वाट राहत नाही, आपण कोंडलो गेलो आहोत असे त्याला वाटते आणि तो आधी दात दाखवतो. भांडणे बहुधा अशाच वेळी जुंपतात. म्हणून आत शिरणारा प्रत्येक कुत्रा पहिल्या पावलापासून मोकळाच असला पाहिजे. फाटकावर माणूस नेमलेला नाही, दंडाची पावती फाडणारा कोणी नाही, तरीही समोरून दुसरा कोणी येत असेल तर लोक बाहेर थांबून राहतात, मधली जागा रिकामी होऊ देतात आणि मगच आत येतात. पहिल्या दिवशी आई आत न येता त्या फाटकाजवळच उभी राहून हे सारे पाहत होती. कडी प्रत्येक वेळी लागते की नाही हे ती मोजत होती, असे तिने मला नंतर सांगितले. एकानेही ती उघडी टाकली नाही, हे पाहिल्यावरच ती दुसऱ्या दिवशी आत आली.

आत लहान कुत्र्यांसाठी वेगळे कुंपण आहे. चार महिन्यांखालील पिल्ले, माजावर आलेली कुत्री आणि लस न टोचलेले जनावर यांना प्रवेश नाही. विष्ठा उचलण्यासाठीच्या पिशव्या खांबाला टांगलेल्या असतात आणि ती उचलावीच लागते.

लहान मुलांसाठीचे नियम मात्र आपल्या पालकांना खटकतील असे आहेत. मुलांनी आत धावायचे नाही, किंचाळायचे नाही, हातात खाऊ किंवा चेंडू मिरवायचा नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय कोणत्याही कुत्र्याला हात लावायचा नाही. मैदानात मुलाने धावायचे नाही हा काय नियम झाला, असे मलाही सुरुवातीला वाटले होते. पण धावणाऱ्या, ओरडणाऱ्या लहान वस्तूमागे लागणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे, आणि चिमुकल्याचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, हे एकदा लक्षात आले की त्या नियमातले मुलांविषयीचे प्रेम कळते. माझ्या मुलीला शाळेत शिकवले आहे की अनोळखी कुत्रा अंगावर आला तर झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे, हात पुढे जुळवून घ्यायचे आणि नजर आपल्या पायांकडे ठेवायची. त्याच्या डोळ्यांत पाहायचे नाही आणि पळायचे तर मुळीच नाही. तिने हे आजीला करून दाखवले. आपल्याकडे मुलांना दगड उचलायचा अभिनय करायला शिकवतात, आणि त्याने कुत्रा पळतोही, पण पुढच्या वेळी तोच कुत्रा वाकलेल्या माणसाला पाहून बिथरतो, त्याचा विचार कोणी करत नाही.

नदीकाठी गेल्यावर आईला ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ती कुत्र्यांची नव्हती, माशांची होती. इथे सॅमन मासे समुद्रातून नदीत चढतात, आणि तो मासा कच्चा खाल्ला तर कुत्रा मरू शकतो. माशाच्या अंगातल्या एका परजीवी कृमीत विशिष्ट जिवाणू असतात; ते पोटात गेले की साधारण आठवडाभरात ताप, उलट्या आणि जुलाब सुरू होतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर बहुतेक कुत्री दगावतात. त्यामुळे शरद ऋतूत काठावर मेलेला मासा दिसला की मालकांची धावपळ उडते. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असताना टोपल्यांमधून पडलेल्या बांगड्यावर आणि कोळंबीवर पोसलेली कुत्री पाहत जिचे आयुष्य गेले, तिला हे खरे वाटेना. आपल्या किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचे ते सुख इथल्या कुत्र्यांच्या वाट्याला नाही, हे तिने समाधानाने दोनदा बोलून दाखवले.

आणि या ठिकाणी मला आपल्या कुत्र्यांची बाजू मांडलीच पाहिजे. इथे कोणी मला, भारतात रस्त्यावर बिचारी कुत्री फिरतात ना, असे विचारले की मला राग येतो. आपल्या वाडीतला कुत्रा बिचारा नसतो. तो आंब्याच्या कलमांची राखण करतो, काजूच्या बागेत शिरणारी वानरे हाकलतो, रानडुकराची चाहूल सर्वांत आधी देतो, आणि बिबट्या वाडीत उतरला तर बहुधा पहिला जीव त्याचाच जातो. त्याला काम आहे, सोबती आहेत, आणि दिवसभर हिंडायला सारा गाव आहे. इथला कुत्रा मऊ गादीवर झोपतो हे खरे, पण मालक कामावर गेला की आठ-आठ तास बंद घरात दाराकडे पाहत बसतो, आणि म्हणूनच त्याला आठवड्यातून एकदा धावण्यासाठी गाडीत बसवून ४० एकरांत न्यावे लागते. चावे इथेही होतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज वर्षाला सुमारे ४५ लाख चाव्यांचा आहे. तेव्हा इथली कुत्री सोज्वळ आणि आपली हिंस्र, असे मी कोणालाही म्हणू देणार नाही.

फरक आहे तो चावल्यानंतर काय होते यात, आणि तो फार मोठा आहे. अमेरिकेने कुत्र्यांमधून पसरणाऱ्या रेबीजच्या प्रकारापासून देश मुक्त झाल्याचे २००७ साली जाहीर केले. आता इथे तो रोग मुख्यतः वटवाघळे आणि इतर वन्य प्राण्यांत उरला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के एकट्या भारतात होतात, आणि माणसांना होणाऱ्या या रोगाचे ९९ टक्क्यांपर्यंत मूळ कुत्र्यांत असते. हे अमेरिकन माणूस अधिक सज्जन असल्यामुळे घडलेले नाही. पिढ्यान् पिढ्या सक्तीचे लसीकरण आणि परवाना यांनी ते घडले आहे. शेजारच्या बाईंच्या कुत्रीच्या पट्ट्याला परवान्याचा क्रमांक कोरलेला बिल्ला आहे; ती हरवली, चावली किंवा मेली, तरी तिच्याबद्दल उत्तर देणारे एक घर कागदावर नोंदलेले आहे. आईच्या पोटरीला चावलेल्या कुत्र्याला असे घर नव्हते, आणि त्याला लस टोचली होती की नाही हे सांगणारेही कोणी नव्हते.

हे आपल्याला जमणार नाही, असे मात्र मी मानत नाही. आपल्याच किनाऱ्यावरच्या गोव्याने २०१४ पासून गावोगावी कुत्र्यांना लसी टोचल्या, शाळांतून मुलांना शिकवले, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तिथली कुत्री पिंजऱ्यात घालून गावाबाहेर नेली गेली नाहीत, समुद्रकिनाऱ्यावर ती आजही लोळतात. केंद्राचे २०२३ चे नियमही हेच सांगतात की निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रा जिथून नेला तिथेच आणून सोडायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतली सारी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि दहा-बारा दिवसांतच तो बदलून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस टोचून परत सोडण्यास सांगितले, तेव्हा आमच्या घरी दूरध्वनीवरून दोन्ही बाजूंनी बरीच वादावादी झाली. भाऊ पहिल्या आदेशाच्या बाजूचा होता, मी दुसऱ्या.

कुंपण घालणेही आपल्याला परके नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. रात्री मादी वाळूत अंडी घालून गेली की कुत्री आणि कोल्हे ती उकरून खातात, म्हणून ती अंडी उचलून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात पुरली जातात आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत राखली जातात. हे काम गावच्याच माणसांनी केले, आंजर्ल्यातही ते उभे राहिले, आणि आज लोक मुंबई-पुण्याहून ती पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येतात. इथल्या मैदानातले लोक मला कौतुकाने त्यांचे कुंपण दाखवतात, तेव्हा मी त्यांना वेळासच्या कुंपणाची गोष्ट सांगते, आणि ते ती मन लावून ऐकतात.

आम्ही इथे स्वतःचा कुत्रा पाळलेला नाही, यावरून मुलगी माझ्यावर रुसते. हर्णैच्या घरचा काळू आम्ही निघालो तेव्हा इथे आणता आला असता, तशी सोय असते, काही ओळखीच्यांनी केलीही. पण समुद्राच्या वाऱ्यावर आणि मोकळ्या अंगणात वाढलेल्या जनावराला विमानाच्या पोटात घालून या थंड, बंद घरात आणणे मला योग्य वाटले नाही, आणि अजूनही वाटत नाही. तो तिथे सुखात आहे. आई इथे असताना त्याला भाऊ जेवायला घालतो.

माझा चुलत भाऊ ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आईच्या सांगण्यावरून मी त्याला सविस्तर पत्र लिहिले. मैदान नको, जाळी नको, त्यासाठी जागाही नको. फक्त वाडीवार कुत्र्यांची यादी करावी, लस टोचलेल्यांच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधावा, आणि हे काम भातकापणी आटोपल्यावर, कासवे किनाऱ्याला लागण्याच्या आत उरकावे, असे त्यात सुचवले. त्याचे उत्तर आले आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर यायला तयार आहेत, अडचण कुत्री धरण्याची आहे, असे तो कळवतो. ज्या घरी कुत्रा जेवतो त्या घरच्या माणसाच्या हाताला तो सहज लागतो, हे त्यालाही मान्य आहे. म्हणून यादीत प्रत्येक कुत्र्यापुढे त्याला जेवू घालणाऱ्या घराचे नाव लिहायचे, एवढ्यावर तूर्त आमचे एकमत झाले आहे.