ज्यांचे पैसे दिले नाहीत, ते भाग कोणाचे?

अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीचा सर्व्हे करण्याचे काम मी अठरा वर्षे करते आहे. या काळात चेपलेल्या, जळालेल्या आणि पुरात बुडालेल्या इतक्या गाड्या पाहिल्या की फाइल बंद झाल्यावर बहुतेकींचा तपशील मनातून निघून जातो. ही एक गाडी मात्र राहिली. तिच्या दाव्यात असा प्रश्न उभा राहिला की त्याचे तयार उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि ते शोधताना ज्या तत्त्वावर आमचा सगळा व्यवसाय उभा आहे ते मला दोन्ही बाजूंनी वाचून पाहावे लागले.

गाडी सिग्नलला उभी असताना मागून आलेल्या भरलेल्या ट्रकची धडक बसली आणि डिकी मागच्या सीटपर्यंत आत गेली. मालक स्वतःच गाडी चालवत होते. वर्कशॉपमध्ये ते मानेला पट्टा बांधून मला भेटले आणि हातातली जाडजूड फाइल माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "मॅडम, सहा वर्षांचा प्रत्येक कागद यात आहे." त्यात खरोखरच अलॉय व्हील सोडून बाकी प्रत्येक वस्तूची पावती होती: उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन, मोठ्या डिस्कचे ब्रेक, वेगळा सायलेन्सर, बॉडी किट, खास रंग, शर्यतीच्या धर्तीच्या पुढच्या सीटा, म्युझिक सिस्टिम आणि इंजिनाच्या संगणकाचे ट्यूनिंग.

प्रत्यक्ष रकमा मी येथे देत नाही. मूळ गाडीचे, म्हणजे कंपनीने जशी बाहेर काढली तशा गाडीचे, अपघाताच्या आदल्या क्षणीचे बाजारमूल्य १०० धरते, म्हणजे बाकीचे आकडे त्या प्रमाणात समजतील. मालकांनी गाडीवर केलेला खर्च ६४ होता आणि त्यांची मागणी सरळ बेरजेची, १६४ ची होती. पुराव्यादाखल त्यांनी तशाच सजवलेल्या एका गाडीची विक्रीची जाहिरात दाखवली, जिच्यात विक्रेत्याने जवळपास तेवढीच किंमत मागितली होती. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत अंतर असते, हे मी त्यांना सांगितले. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, तेवढ्याच धावलेल्या गाड्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या हे पाहूनच मी १०० पर्यंत आले होते. गाडीवर केलेला खर्च गाडीच्या किमतीत जसाच्या तसा उतरत नाही. पुढच्या खरेदीदाराला ती उंची, तो रंग, तो आवाज हवाच असतो असे नाही, आणि कित्येकदा अशा बदलांमुळे गिऱ्हाईक कमीच होते. हे ऐकताना त्यांचा चेहरा उतरला, आणि मला ते स्वाभाविक वाटले. ६४ पैकी सुमारे २० तर मजुरी, रंगकाम आणि ट्यूनिंग यांत गेले होते, म्हणजे हातात धरून दाखवता येईल अशी वस्तूच त्यातून उरलेली नव्हती.

उरलेल्या ४४ पैकी १८ च्या वस्तू, म्हणजे व्हील, सीटा आणि म्युझिक सिस्टिम, त्यांनी तीन वर्षांपूर्वी जास्तीचा हप्ता भरून पॉलिसीत नोंदवल्या होत्या. बाकी २६ च्या वस्तूंचा पॉलिसीत कोठेही उल्लेख नव्हता. विचारल्यावर ते म्हणाले, "एजंट म्हणाला होता, किमती वस्तू तेवढ्या लिहा. सस्पेन्शन आणि ब्रेक तर गाडीचेच भाग आहेत, ते वेगळे काय लिहायचे?" गाडीचा भाग आणि गाडीला नंतर लावलेला भाग, हा फरक विमाधारकाला कोणी नीट समजावून सांगत नाही. प्रस्तावपत्रावर बदलांविषयीचा प्रश्न एका ओळीत असतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने भरला जातो. अठरा वर्षांत ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की ती ओळ मोठ्या अक्षरांत छापावी असे मला मनापासून वाटते.

पहिली अडचण एस्टिमेटमध्येच निघाली. वर्कशॉपने दुरुस्तीचा खर्च ९५ दाखवला होता. त्या पॉलिसीत दुरुस्ती मूळ गाडीच्या मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेली की गाडी पूर्ण नुकसानीत, म्हणजे टोटल लॉसमध्ये, धरायची होती आणि नोंदवलेल्या वस्तूंचा हिशेब वेगळा करायचा होता. ९५ पाहून कंपनीच्या क्लेम विभागाने गाडी टोटल लॉस धरूनही टाकली होती. मी एस्टिमेट ओळीओळीने वाचले तेव्हा लक्षात आले की त्यातले २७ बॉडी किट, वेगळा सायलेन्सर, मागचे सस्पेन्शन, एक अलॉय व्हील आणि खास रंग यांचे होते. म्हणजे खर्च मोजताना बाहेरून लावलेले भाग आत घेतले होते आणि मूल्य मोजताना तेच भाग बाहेर ठेवले होते. दोन्हीकडे माप एकच असले पाहिजे. बदल केलेल्या गाड्या गरज नसताना टोटल लॉसमध्ये जातात त्यामागे अनेकदा हीच चूक असते, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण एस्टिमेटच्या शेवटच्या आकड्याकडेच सगळ्यांची नजर असते. ते २७ वजा केल्यावर दुरुस्ती ६८ वर आली, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या मर्यादेत बसत होती.

मालकांना हे सांगितले तेव्हा त्यांना झालेला आनंद मला आजही आठवतो, कारण दोनच दिवसांनी तो मलाच काढून घ्यावा लागला. गाडी चेसिस मोजण्याच्या जिगवर चढवली तेव्हा डिकीच्या फरशीखालून जाणारे दोन्ही साइड मेंबर वाकलेले निघाले, एक १४ मिलिमीटरने आणि दुसरा ९ मिलिमीटरने. मागून धडक बसली की तिचा जोर घडी होऊन जिरवण्याचे काम हे मेंबरच करतात. एकदा घडी पडलेला मेंबर ताणून सरळ केला, तरी पुढच्या धडकेत तो तसाच काम करील याची खात्री राहत नाही, म्हणून तो बदलावाच लागतो. मेंबर, फरशी आणि त्यांची मजुरी मिळून १७ वाढले. ६८ चे ८५ झाले आणि गाडी पुन्हा टोटल लॉसमध्ये गेली, या वेळी योग्य हिशेबाने.

यानंतर खरा पेच आला. क्लेम विभागातील अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की इंजिनाचे ट्यूनिंग आणि सस्पेन्शन लपवले आहे, तेव्हा दावाच नाकारावा. विमा हा परम सद्भावाचा करार मानला जातो आणि महत्त्वाची माहिती दडवणे हा त्याचा भंग ठरतो, हे आम्ही सगळे परीक्षेसाठी शिकलेलो असतो. हे तत्त्व ज्या १७६६ सालच्या 'कार्टर विरुद्ध बोह्म' या इंग्लंडमधील खटल्यापासून सांगितले जाते, त्याचा निकाल मात्र फारसा कोणी सांगत नाही. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या किल्ल्याच्या गव्हर्नराने किल्ला शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीचा विमा उतरवला होता. किल्ला फ्रेंचांच्या हाती गेल्यावर विमा देणाऱ्याने माहिती दडवल्याचा आरोप केला. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सद्भावाचे बंधन दोघांवरही असते असे म्हटले, आणि जे विमा देणाऱ्याला ठाऊक होते किंवा असायला हवे होते ते आपल्याला सांगितले नाही अशी तक्रार त्याला करता येत नाही, असेही ठरवले. तो खटला विमा उतरवणाऱ्याच्याच बाजूने लागला.

म्हणून मी कंपनीचीच जुनी फाइल मागवली. तीन वर्षांपूर्वी वस्तूंची नोंद करताना कंपनीच्या माणसाने गाडीची पाहणी करून फोटो काढले होते. त्या फोटोंत बॉडी किट स्पष्ट दिसत होते आणि चाक व मडगार्ड यांच्यातली फट दोन बोटांचीही नव्हती. सस्पेन्शन बदलल्याचे ज्याला फोटोत दिसले नाही त्याने पाहणीच केली नाही, असे मी अहवालात सौम्य शब्दांत लिहिले. ट्यूनिंग मात्र फोटोत दिसणारे नव्हते आणि ते सांगायला हवे होते, हेही मी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. पण पॉलिसीची शर्त अशी होती की न सांगितलेल्या बदलामुळे अपघाताला किंवा नुकसानीला हातभार लागला असेल तर दावा नाकारता येईल. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये धडकेच्या आधीच्या ५ सेकंदांची नोंद होती: वेग शून्य, ब्रेक दाबलेला. उभ्या गाडीच्या इंजिनाची वाढलेली ताकद ट्रकच्या धडकेला कारण होऊ शकत नाही. दोन बैठकांनंतर दावा नाकारण्याचा विचार मागे पडला.

आता हिशेब सोपा होता. मूळ गाडीचे १०० धरले. नोंदवलेल्या वस्तूंना घसारा लावून ८ च्या व्हीलचे ५, ६ च्या सीटांचे ४ आणि ४ च्या म्युझिक सिस्टिमचे २, असे ११ धरले. व्हीलची पावती फाइलमध्ये नव्हती, म्हणून मी खाली बसून टायरच्या बाजूवरचा कोड पाहिला. त्यातले शेवटचे चार अंक १८२१ होते, म्हणजे २०२१ सालच्या १८व्या आठवड्यात बनलेला टायर. चारही टायर त्याच कोडचे होते आणि व्हील व टायर एकदमच, वस्तूंची नोंद केली त्याच वर्षी घेतल्याचे मालकांचे सांगणे त्याच्याशी जुळत होते. विमाधारकाने स्वतः सोसायचा भाग २ वजा जाऊन देय रक्कम १०९ झाली.

उरलेल्या २६ च्या वस्तूंबद्दल मालकांनी एकच विचारले. "मॅडम, पैसे मिळणार नाहीत हे मला समजले. पण मग ते भाग तरी माझेच ना?"

रीत अशी आहे की पूर्ण नुकसानीची रक्कम दिली की मोडकी गाडी जशीच्या तशी विमा कंपनीची होते आणि कंपनी ती साल्व्हेज म्हणून विकते. अधिकाऱ्यांनी हेच उत्तर दिले. मला मात्र ते पटेना. नुकसानभरपाईचे तत्त्व सांगते की विमाधारकाला नुकसान भरून मिळावे, त्यातून नफा होऊ नये. याच तत्त्वाचा आधार घेऊन आपण त्यांना २६ नाकारले. पण ज्या गाडीचे पैसे आपण दिले ती साध्या स्प्रिंगांची, साध्या ब्रेकची आणि साध्या सायलेन्सरची गाडी होती. ज्या वस्तूंना मूल्य मोजताना आपण गाडीचा भाग मानले नाही, त्याच साल्व्हेज विकताना गाडीचा भाग कशा होतील? एस्टिमेटमध्ये झालेली चूकच येथे दुसऱ्या टोकाने पुन्हा होत होती. मी हे दीड पानात लिहून दिले आणि सोबत एक उपाय सुचवला: मालकांनी मूळ भाग बसवून गाडी पूर्ण आणि ओढून नेण्याजोगी करून द्यावी, मी यादी करून खात्री करीन, आणि मगच रक्कम व साल्व्हेज यांचा व्यवहार व्हावा. लेखी होकार यायला आठवडा लागला.

मूळ भाग असतील की नाही याची मला धास्ती होती, कारण बहुतेक जण ते विकून टाकतात. मालकांनी मात्र सगळे माळ्यावर जपून ठेवले होते. वर्कशॉपमध्ये त्यांनी ते आणले तेव्हा चारही स्प्रिंगा जुन्या चादरीत गुंडाळलेल्या होत्या, गंज लागू नये म्हणून त्यांना ग्रीस फासले होते, आणि नट-बोल्ट प्लास्टिकच्या लहान पुड्यांत होते. प्रत्येक पुडीवर पेनाने लिहिले होते: 'मागचा डावा, वरचा', 'मागचा डावा, खालचा'. त्या पुड्या पाहून, आपण या माणसाला माहिती लपवणारा ठरवायला निघालो होतो, याचे मला फार वाईट वाटले.

ते दिवसभर मेकॅनिकच्या बरोबरीने काम करत होते. मानेचा पट्टा असल्यामुळे त्यांना खाली वाकता येत नव्हते, म्हणून ते पाना हातात देत आणि कोणता बोल्ट आधी सोडायचा ते सांगत. मागचे सस्पेन्शन वाकले होते, तेही त्यांनी काढून घेतले. सायलेन्सर चेपून निकामी झाला होता, तरी गाडीवर मूळ सायलेन्सर बसवून दिला. ट्यूनिंग काढून मूळ सॉफ्टवेअर परत टाकले. मी एकेक भाग पाहून क्रमांक टिपत होते. मधल्या वेळेत त्यांनी पुढच्या गाडीविषयी विचारले तेव्हा मी त्यांना सांगितले की बदल करण्याआधीच विमा कंपनीला लेखी कळवावे, दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी यादी आणि फोटो द्यावेत, आणि खर्च मोठा असेल तर गाडीचे मूल्य आधीच दोघांनी ठरवून कागदावर घेणारी पॉलिसी शोधावी, कारण तीत अपघातानंतर बाजारभावावर वाद घालण्याची वेळ येत नाही. त्यांनी ते फाइलच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले.

संध्याकाळी यादीत एकच ओळ उरली होती, गिअर नॉबची. तो बदललेला होता हे माझ्याही लक्षात आले नव्हते, त्यांनीच आठवण करून दिली आणि खिशातून मूळ नॉब काढून स्वतः फिरवून बसवला. मी त्या ओळीपुढे 'मूळ, बसवलेला' असे लिहून सही केली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.