जर्मन पॅटर्न आपल्या अंगाला बेतताना

पुण्यात कपडा शिवायला टाकायचा म्हणजे कापड, अस्तर आणि मापाचा ब्लाऊज पिशवीत घालून टेलरकडे जायचं. टेलर अंगावरून टेप फिरवतो, वहीत आकडे लिहितो आणि त्यावरून खडूने थेट कापडावर बेततो. जर्मनीत शिवणाऱ्यांची दुकानं दिसतात ती बहुतेक अल्टरेशनची: पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं. अख्खा ड्रेस मापाने शिवून घेणं फार महाग पडतं. त्यामुळे घरी शिवणारे इथे पुष्कळ आहेत आणि ते जवळजवळ सगळेच तयार कागदी पॅटर्न वापरतात. ‘बुर्डा’ हे मासिक 1950 पासून निघतं. त्याच्या मधल्या पानांत घडी घालून ठेवलेला मोठा कागद असतो आणि एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या, अनेक साइजच्या रेघा एकमेकींवरून गेलेल्या असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो गुंता वाटतो, पण रीत सोपी आहे. हवा तो नंबर कागदाच्या कडेला रंगीत छापलेला असतो. तिथून सरळ आत गेलं की त्याच रंगाचा तुकडा सापडतो. आपल्या साइजची रेघ ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्यायची, कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा दाखवणारा बाण आणि सगळ्या खुणांसकट.

खरी अडचण पुढे येते. हा कागद कोणाच्या तरी अंगासाठी आधीच बेतलेला आहे. बुर्डाच्या नेहमीच्या साइज 168 सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी असतात. त्यांच्या आखूड साइज वेगळ्या असतात, 160 उंचीसाठी, पण त्यात फार कमी डिझाइन येतात. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स वगैरे अमेरिकन पॅटर्न ‘बी’ कप, म्हणजे छातीचा मध्यम उभार, धरून आखलेले असतात. आपली उंची 155 असेल, छाती भरलेली आणि खांदा अरुंद असेल, तर छातीच्या मापावरून साइज निवडून शिवलेला कपडा हमखास गळ्याशी ढगळ आणि खांद्यावरून घसरणारा होतो. मग बाजूने आत घेतला जातो, पुढून वर चढतो आणि ‘मला हे पॅटर्न बसतच नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. पॅटर्न बसतात. साइज चुकीच्या मापावरून निवडलेली असते, एवढंच.

साइज खांद्याची आणि गळ्याची निवडा, छातीची नको. गळा, खांदा आणि मुंढा (बाही जोडायची गोल कड) हा भाग कागदावर दुरुस्त करायला सगळ्यात किचकट. छाती, कंबर, घेर हे त्यामानाने सोपे. त्यासाठी एक जादा माप लागतं, वरची छाती: टेप काखेतून, छातीच्या उभाराच्या वरून आणि पाठीवर सपाट. या मापात 5 सेंटीमीटर मिळवा आणि त्या आकड्याची साइज चार्टमध्ये बघा. समजा वरची छाती 83 आणि पूर्ण छाती 94 आहे. पूर्ण छातीवरून पाहिलं तर बुर्डात 40 आणि 42 च्या मध्ये अडकायला होतं, कारण 40 म्हणजे 92 आणि 42 म्हणजे 96. पण 83 अधिक 5 म्हणजे 88, म्हणजे साइज 38. कागद 38 चा उतरवायचा आणि कमी पडणारे 6 सेंटीमीटर फक्त छातीपाशी वाढवायचे.

इथे मापाचा ब्लाऊज उपयोगी येतो, पण तो जपून वाचायचा. चांगल्या बसलेल्या ब्लाऊजवरून खांद्याची रुंदी, पाठीची रुंदी, दोन ॲपेक्समधलं (छातीच्या उभाराच्या टोकांमधलं) अंतर आणि खांद्यापासून ॲपेक्सपर्यंतची लांबी घ्या आणि कागदावरच्या शिवणीच्या रेघांशी ताडून पाहा. छातीचा एकूण घेर मात्र त्यावरून घेऊ नका. ब्लाऊज अंगाला जवळजवळ चिकटून असतो. अंगासरशी बसणाऱ्या सुती ड्रेसलाही छातीवर 5 ते 8 सेंटीमीटर सैलपणा लागतो. कागदावर तो किती दिला आहे हे पाहायला पुढच्या आणि मागच्या भागाची छातीच्या रेघेवरची रुंदी टक्स (आकार देण्यासाठी शिवायच्या निमुळत्या चिमट्या) वगळून मोजा, बेरीज दुप्पट करा आणि त्यातून पॅटर्नच्या साइजची छाती वजा करा.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की करा, ती म्हणजे माया, शिवणीच्या बाहेर सोडायचं जादा कापड. बुर्डा मासिकाच्या कागदावर माया धरलेली नसते, शिवणींना 1.5 आणि खालच्या दुमडीला 4 सेंटीमीटर आपण सोडायचे असतात. अमेरिकन पाकिटातल्या पॅटर्नमध्ये 1.5 सेंटीमीटर, म्हणजे 5/8 इंच, आधीच धरलेले असतात. पीडीएफ पॅटर्नचं प्रत्येकाचं वेगळं असतं, पहिल्या पानावर वाचूनच कात्री हातात घ्या. मला बुर्डाची पद्धत जास्त आवडते. सगळे बदल शिवणीच्या रेघेवर करायचे असतात आणि माया मध्ये आली की हिशेब चुकतो. अमेरिकन पॅटर्न असेल तर आधी आतली शिवणीची रेघ पेन्सिलने आखून घ्या.

बदलांचा क्रम वरून खाली आणि लांबी आधी. उंचीतला 168 आणि 155 मधला 13 सेंटीमीटरचा फरक सगळा खालून कापला तर कंबर नितंबावर येते आणि टक्स भलतीकडे. सुरुवात म्हणून मुंढ्याच्या मध्यावर 1, छाती आणि कंबर यांच्यामध्ये 1.5, कंबर आणि नितंब यांच्यामध्ये 1 अशी आडवी घडी घाला आणि उरलेलं खालून. घडी उभ्या धाग्याला काटकोनात हवी. मुंढ्यात जेवढं कमी केलं तेवढंच बाहीच्या गोलाव्याच्या उंचीतही कमी करावं लागतं. हे विसरलं की बाही मुंढ्यात मावत नाही आणि चुण्या पडतात.

आता छाती. बाजूच्या शिवणीतून नुसती रुंदी वाढवू नका. उभारावरून कापडाला आडवं जास्त लागतं तसं उभंही जास्त लागतं. बाजूने वाढवल्यावर उभी लांबी मिळतच नाही, मुंढा मात्र मोठा होतो. म्हणून कागद चिरून उघडायचा.

पुढच्या भागाचा कागद अंगाला लावून ॲपेक्सची खूण करा. ॲपेक्सपासून खाली सरळ, उभ्या धाग्याला समांतर रेघ काढा. तिथूनच वर मुंढ्याकडे, मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात लागेल अशी तिरकी रेघ. तिसरी रेघ बाजूच्या टक्सच्या मधून ॲपेक्सपर्यंत. खालून कापत ॲपेक्सला या, वळून मुंढ्यापर्यंत जा आणि शिवणीच्या रेघेच्या किंचित आधी थांबा. मायेच्या बाजूने छोटा छेद द्या म्हणजे कागदाची बिजागरी तयार होईल. टक्सची रेघ बाजूकडून ॲपेक्सच्या जवळपर्यंत कापा, तिथेही बिजागरी ठेवा. आता उभ्या चिरेच्या दोन्ही कडा समांतर ठेवून 3 सेंटीमीटर उघडा. कमी पडत होते 6, पण कागद अर्ध्या पुढच्या भागाचा आहे. टक्स आपोआप मोठा होतो आणि बाजूचा भाग खाली सरकतो. मधला भाग आखूड राहतो, म्हणून त्याला कंबरेच्या वर आडवं कापून बाजूच्या पातळीपर्यंत खाली आणा. खाली नवा कागद घालून सगळं टेपने चिकटवा.

टक्सचं टोक ॲपेक्सपर्यंत न्यायचं नाही, 2 ते 2.5 सेंटीमीटर आधीच थांबवायचं, नाहीतर तिथे टोचल्यासारखी चोच दिसते. टक्स मिटवून, खाली वळवून मगच बाजूची रेघ कापा, म्हणजे टक्सच्या तोंडाशी लागणारा त्रिकोणी तुकडा बरोबर मिळतो. कंबरेतही 3 सेंटीमीटर वाढलेले असतात. नको असतील तर बाजूच्या शिवणीतून किंवा कंबरेच्या टक्समध्ये काढून टाका. मुंढ्याच्या शिवणीची लांबी मात्र होती तेवढीच राहिलेली असते, आणि याच कारणाने ही पद्धत बाजूने वाढवण्यापेक्षा कितीतरी चांगली.

तासन्‌तास कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांचा खांदा पुढे झुकलेला असतो. मग खांद्याची शिवण मागे ओढली जाते आणि गळा मानेला लागतो. पुढच्या खांद्यातून मुंढ्याच्या टोकाला 1 सेंटीमीटर काढा, गळ्याशी शून्य करत न्या आणि तेवढंच मागच्या खांद्याला जोडा. बाहीच्या माथ्याची खूणही 1 सेंटीमीटर पुढे. पाठ वरच्या बाजूला गोलावली असेल तर मागच्या कागदाला मानेच्या हाडाखाली 10-12 सेंटीमीटरवर आडवी चीर द्या, मध्याशी 1 सेंटीमीटर उघडा आणि मुंढ्याशी बिजागरी ठेवा. मागच्या मध्याची रेघ सरळ केल्यावर गळ्याला जी रुंदी वाढते ती छोट्या टक्समध्ये घ्या.

कंबरेच्या वर पाठीला आडव्या वळ्या पडत असतील तर मागे लांबी जास्त आहे. मध्याशी 1 ते 1.5 सेंटीमीटर चिमटा, बाजूला शून्य. मागचा भाग घडीवर कापायचा असेल तर मध्याची रेघ मोडते आणि घडी चालत नाही, म्हणून तिथे शिवण द्या. पॅटर्न डिझाइन करणाऱ्याने शिवण दिली नव्हती म्हणून ती टाळण्यात अर्थ नाही. मागच्या मध्याची शिवण ही पाठीच्या आकारासाठी फार उपयोगाची जागा आहे.

दंडाला न ताणणाऱ्या सुती कापडात 4-5 सेंटीमीटर सैलपणा लागतो. कमी असेल तर बाहीचा कागद मधोमध उभा आणि काखेच्या रेघेवर आडवा चिरून दंडाशी रुंद करा. गोलावा थोडा बसका होतो, पण त्याच्या शिवणीची लांबी बदलत नाही, त्यामुळे बाही मुंढ्याला जुळते. पॅन्टचं गणित वेगळं आहे, त्यात इथे शिरत नाही.

हे सगळं कागदावर झालं तरी चांगल्या कापडाला कात्री लावायची नाही. आधी मांजरपाटाचा चाचणीचा कपडा शिवायचा. जर्मनीत हेच कोरं सुती कापड ‘नेसेल’ या नावाने कापडाच्या दुकानात मिळतं. जुनी चादरही चालते, पण ताणली जाणारी नको. लवचिक कापडाचा पॅटर्न असेल तर चाचणीही तशाच कापडात करा. मांजरपाटावर पुढचा मध्य, छाती, कंबर आणि नितंब या रेघा पेनने ठळक काढा. बाजूला 2.5 सेंटीमीटर माया, टाका 4 ते 5 मिलिमीटर लांब म्हणजे पटकन उसवता येतो. कॉलर, खिसे, अस्तर नको. गळ्याच्या शिवणीच्या रेघेवर एक टीप मारून मायेला छेद द्या. छेद दिले नाहीत तर गळा उगाच घट्ट वाटतो आणि नको तिथे दुरुस्ती होते. मुख्य कपड्याखाली जी ब्रा घालणार तीच घाला.

आरशात आधी पेनच्या आडव्या रेघा पाहा. छातीची रेघ पुढे वर चढली असेल तर पुढे लांबी कमी आहे. ताणलेल्या वळ्या ज्या जागेकडे धावतात तिथे कापड कमी पडतंय, सैल पडून लोंबणाऱ्या वळ्या जिथे जमतात तिथे जास्त आहे. हात पुढे करून, खुर्चीत बसून पाहा. जास्तीचं टाचण्यांनी चिमटा. कमी पडेल तिथे मांजरपाट सरळ कापा, मोकळं होऊ द्या आणि मागे पट्टी लावा. एका वेळी एकच बदल, तोही वरून. खांदा सरळ केल्यावर कंबरेच्या निम्म्या तक्रारी आपसूक जातात.

पुण्यात बसून हेच करायचं असेल तर पीडीएफ पॅटर्न घ्या आणि आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात ए-झिरो कागदावर प्रिंट काढा. प्रिंट 100 टक्के मापानेच काढायला सांगा आणि घरी आणण्याआधी पानावरचा चाचणीचा चौकोन पट्टीने मोजा. ‘पानात बसवा’ असा पर्याय निवडला गेला तर अख्खा कपडा लहान होतो. मांजरपाट लक्ष्मी रोड किंवा रविवार पेठेत, टाचण्या आणि हुक तुळशीबागेत. फक्त कापडाचा हिशेब स्वतः करा. बुर्डात लिहिलेले मीटर बहुधा 140 किंवा त्याहून जास्त पन्ह्याचे (कापडाच्या रुंदीचे) असतात, आपलं सुती कापड पुष्कळदा 112 सेंटीमीटरचं, म्हणजे 44 इंची. 140 पन्ह्याच्या 2 मीटरला क्षेत्रफळाने 2.5 मीटर लागतात, पण घेरदार तुकडे शेजारी मावले नाहीत तर तेही पुरत नाहीत. फरशीवर 56 सेंटीमीटरच्या अंतराने दोन समांतर टेप लावा, कारण घडी घातलेलं कापड तेवढंच रुंद असतं. त्यात कागद मांडा आणि मगच मीटर ठरवा. सुती कापड कापण्याआधी धुवून, वाळवून, इस्त्री करून घ्या.

मांजरपाट मनासारखा बसला की तो उसवा, इस्त्री करा आणि बदललेल्या रेघा कागदावर उतरवा. गळ्याचं फेसिंग (गळ्याला आतून लावायची पट्टी), अस्तर, कॉलर यांचे तुकडेही त्याच मापाने बदला. पाठीत 1 सेंटीमीटर उघडला असेल तर मागच्या अस्तरातही तेवढाच उघडायला हवा, नाहीतर आतून ओढ बसते. शेवटी जुळणाऱ्या प्रत्येक दोन शिवणी मोजून पाहा: पुढची बाजू आणि मागची बाजू, पुढचा खांदा आणि मागचा खांदा. बाहीचा गोलावा मुंढ्यापेक्षा 2 ते 3 सेंटीमीटर मोठा असला तर काही हरकत नाही, तेवढा चुण्या न पडता सामावून घेता येतो. त्याहून जास्त असेल तर कागद पुन्हा टेबलावर घ्या.